जपानी तलवारीचे पोलाद आणि ततारा भट्टी
जपानमध्ये १८७६ च्या आदेशाने सामुराई योद्ध्यांना तलवार बाळगण्यास मनाई झाली आणि ती घडविणाऱ्या कारागिरांचा व्यवसाय खालावला. पारंपरिक तलवारीस लागणारे 'तामाहागाने' पोलाद 'ततारा' या मातीच्या भट्टीत लोहयुक्त वाळू व लोणारी कोळशापासून तयार होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ही भट्टी थंडावली. जपानी कला-तलवार जतन संस्थेने १९७७ मध्ये शिमाने प्रांतातील ओकुइझुमो परिसरात ती पुन्हा पेटविली. हिवाळ्यात तीन दिवस-रात्र अखंड धगधगणाऱ्या या भट्टीतील पोलाद देशभरातील कारागिरांना पुरविले जाते. तलवार घडविण्याच्या परवान्यासाठी गुरूकडे किमान पाच वर्षे उमेदवारी करावी लागते. जुन्या तलवारी संग्रहालयात जपता येतात. त्या घडविण्याची विद्या टिकण्यासाठी मात्र पेटती भट्टी आणि नवे शिष्य आवश्यक आहेत.