खोटं बोलणारी लेकरं

मंडळी, आज जुन्या कपाटातली पुस्तकं काढून बसलो आहे. विषय तसा मास्तरांच्या जिव्हाळ्याचा : मुलांचं खोटं बोलणं. फरक इतकाच की ही मुलं वर्गातली नाहीत, पुस्तकांतली आहेत, आणि आपली गोष्ट ती स्वतःच 'मी' म्हणून सांगतात.

सुरुवात हरिभाऊ आपट्यांपासून करावी लागते. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः दिली. ती सांगते यमुना. लहानपण, लग्न, सासर, वैधव्य, सगळं तिच्याच तोंडून. संमतिवयाचा कायदा १८९१ चा. मुलीचं वय दहावरून बारा करावं की नाही यावर तेव्हा सगळं पुणं भांडत होतं, आणि त्याच वेळी एक मुलगी वाचकांना आपलं घर आतून दाखवत होती. त्या काळच्या घरात सुनेला मनातलं लपवल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं नाही, शिकायची हौस दाखवायची नाही, रडू आलं तर ते कुणाला दिसू द्यायचं नाही. याला खोटं म्हणायचं का? त्याच घरात शंकरमामंजी आहेत. वरून सोवळं-ओवळं आणि आतून सगळा बाहेरख्याली कारभार. म्हणजे पोर लपवते ती जीव वाचवण्यासाठी, आणि मोठा माणूस लपवतो तो चैनीसाठी. हा भेद हरिभाऊंनी सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवला आहे.

पुढचा श्याम. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पुस्तक १९३५ साली आलं. हे पुस्तक म्हटलं की आपल्याला आई आठवते, डोळे ओले होतात आणि श्याम किती खोड्या करतो हे आपण विसरतो. पोहायचं टाळायला तो लपून बसतो. 'मोठा होण्यासाठी चोरी' असं तर एका प्रकरणाचं नावच आहे. पुस्तकं घ्यायची म्हणून पोरगा दुसऱ्याचे पैसे उचलतो आणि अखेर आईजवळ कबूल होतो. लक्षात घ्या, हे लिहिणारा माणूस स्वतः अमळनेरच्या शाळेत मास्तर होता, मुलांत राहिलेला होता. मूल चोरी करतं ते पुस्तकासाठीसुद्धा करतं, हे त्याला ठाऊक होतं. श्यामचं भाग्य एवढंच की त्याला कबुली द्यायला एक जागा होती. यमुनेला ती नव्हती, म्हणून तिला सगळं वाचकाला सांगावं लागलं. तिच्या पुस्तकाच्या नावातच तो प्रश्न आहे.

आता तिसरा मुलगा. १९६३ साली नेमाड्यांचा 'कोसला' आला आणि खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर बोलू लागला. त्याचं वय सांगताना पंचवीस असलं तरी पुस्तकाचा मोठा भाग कॉलेजातल्या कोवळ्या पोराचाच आहे. गावाकडून वडिलांचे पैसे येतात, इकडे मेसच्या सेक्रेटरीपणात हिशेबाचा पार बोजवारा उडतो. पांडुरंगाला श्यामसारखी कबुली देता येत नाही, कारण वडिलांच्या व्यवहारीपणावरच त्याचा विश्वास नाही. ज्याच्यापुढे खरं बोलायचं तोच खरा वाटत नसेल तर पोराने काय करावं? तो थट्टा करतो. 'कोसला'तली थट्टा पुष्कळांना उर्मट वाटली, मला ती घाबरलेल्या मुलाची वाटते.

या पुस्तकाच्या जोडीला लोक सॅलिंजरच्या 'कॅचर इन द राय'चं नाव घेतात. ते १९५१ चं. त्यातला होल्डन आपण फार मोठे थापाडे आहोत हे वाचकाला आधीच सांगून टाकतो. त्याच्याही आधीचा मार्क ट्वेनचा हक फिन. पळून आलेल्या गुलामाला, जिमला, वाचवण्यासाठी हे पोरगं तराफ्यावर आजारी माणूस असल्याची थाप मारतं आणि शोधायला आलेले लोक संसर्गाच्या भीतीने मागे फिरतात. तिकडच्या तेव्हाच्या समाजाच्या मते खरं बोलणं म्हणजे जिमला पकडून देणं. अशा वेळी खोटं बोलणारं लेकरूच शहाणं म्हणायचं.

हक फिन वाचायला मिसिसिपीवर जायला नको, आपला मराठवाडा पुरेसा आहे. लातूरकडच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ साली आलं आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमी मिळालं. ही कादंबरी नाही, आत्मकथन आहे, पण वयात येणाऱ्या मुलाचं खरं-खोटं याहून उघडं कुठं वाचायला मिळत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला, शिक्का राहिलाच. तिथे लेकरांना मारून मारून शिकवलं जातं ते खोटं बोलायला नव्हे, तर पोलिसाने कितीही ठोकलं तरी तोंड न उघडायला. एका घरचा सद्गुण दुसऱ्या घरचा गुन्हा होतो, तो असा. आणि त्याच घरातला एक मुलगा शाळेत जातो, लिहायला शिकतो आणि सगळं खरं लिहून टाकतो!

शाळेचं म्हणाल तर शाळाही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) पोराच्या नावापुढे बापाचं नाव कोणतं लावायचं हा प्रश्न शाळेच्या दाखल्यापाशीच उभा राहतो. आमच्या पिढीचंही बघा. माझ्या वयाच्या गावोगावच्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जून! आईला एवढंच आठवायचं की पोळ्याच्या आगंमागं झाला. गुरुजी नाव दाखल करताना १ जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणजे शाळेच्या रजिस्टरातली पहिली नोंदच थाप, आणि फळ्यावर सुविचार 'नेहमी खरे बोलावे'.

हे सगळं आठवायला निमित्त झालं आमच्या भाचीचं. तिचा मुलगा नववीत आहे. तिने विचारलं, "मामा, 'शाळा' त्याच्या हातात देऊ का? त्यातली पोरं सारखी घरच्यांपासून लपवाछपवी करतात." मिलिंद बोकिलांची ही कादंबरी २००४ सालची. पुढे २०१२ साली सुजय डहाकेंचा सिनेमाही आला. मुकुंद जोशी नववीत आहे, शिरोडकर नावाच्या मुलीत जीव अडकला आहे, आणि मित्रांचा अड्डा एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत. घरी सांगता येईल असं त्यात फारसं काहीच नाही.

पण कादंबरीचा काळ कोणता? आणीबाणीचा. जून १९७५ ते मार्च १९७७. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, मोठी माणसं हळू आवाजात बोलणार आणि चारचौघांत 'शिस्त आली हो' म्हणणार. मी तेव्हा नवा मास्तर होतो. आम्हा शिक्षकांकडूनही नसबंदीच्या केसेस मागितल्या जात. सकाळी प्रार्थना, मग हजेरी, मग शाळा सुटल्यावर केस शोधत गावभर फिरायचं आणि विचारलं तर 'सगळं राजीखुशीने चाललंय' म्हणायचं. मुलं हे बघत होती. बोकिलांनी त्यावर भाषण दिलेलं नाही. त्यांनी फक्त नववीतल्या पोराची लहानशी लपवाछपवी आणि देशाची मोठी लपवाछपवी शेजारी शेजारी ठेवली.

भाचीला म्हटलं, अवश्य दे. आणि वाचून झाल्यावर त्याला लगेच काही विचारू नको.

एक गोष्ट मात्र मी नोकरीतच शिकलो, पुस्तकांनी ती नंतर पक्की केली. आमच्या जवळा बाजाराकडे कापूस वेचणीला आला की वर्ग ओस पडायचे. दोन आठवड्यांनी पोरं यायची, चिठ्ठीत 'ताप आला होता'. बोटं बघितली तर बोंडांनी ओरखडलेली. त्यांना खोटारडं म्हणणं सोपं होतं. पण खरं सांगितलं असतं तर बापाची लाज निघाली असती, म्हणून लेकरू स्वतःच्या अंगावर ताप घ्यायचं. मी चिठ्ठी ठेवून घ्यायचो आणि बुडालेले धडे मधल्या सुट्टीत करून घ्यायचो. महिनाभराने त्यातलंच एखादं आपण होऊन सांगायचं, "गुरुजी, ताप नव्हता, रानात होतो."

यमुनेपासून मुकुंदापर्यंतच्या या मुलांबद्दल मला एवढंच कळलं आहे. घरात, शाळेत, चौकीत ती खोटं बोलतात, आणि कुणीतरी ऐकून घेणारं दिसलं की सगळं खरं सांगतात. पुस्तकात तो ऐकणारा वाचक असतो. पुस्तकाबाहेर तो आपल्यापैकीच कुणीतरी व्हायला हवा. आजोबा असतील, मावशी असेल, नाहीतर एखादा मास्तर.

असो. कपाट अजून अर्धंच रिकामं झालंय. प्रकाश नारायण संतांचा लंपन, आकडे फुगवून सांगणारा तो गोड थापाड्या, पुढच्या वेळी.