यलो अलर्ट, सोसाट्याचा वारा आणि आगीचा धोका: मानवत परिसरात हवामानाचा इशारा कसा वाचायचा?

मार्च संपत आला की मोबाईलवर एक मेसेज वारंवार येऊ लागतो. 'परभणी जिल्ह्याला यलो अलर्ट. तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलका पाऊस. वाऱ्याचा वेग ताशी ४० ते ५० किमी.' बहुतेक जण यातला 'पाऊस' हा शब्द पाहतात आणि मेसेज पुढे पाठवतात. मात्र मानवतसारख्या कोरडवाहू आणि कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात याच मेसेजमधला 'वारा' जास्त नुकसान करू शकतो. कारण रान वाळलेलं असताना वारा आधी पोहोचतो आणि पाऊस नंतर येतो. कधी कधी तर तो येतच नाही.

इशाऱ्यातल्या शब्दांचा अर्थ काय?

भारतीय हवामान विभाग चार रंग वापरतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे लगेच पावलं उचला. मराठवाड्याचा जिल्हानिहाय अंदाज मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून दिला जातो.

'तुरळक ठिकाणी' या शब्दांकडे नेहमी दुर्लक्ष होतं. त्या विभागातल्या एकचतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस अपेक्षित असेल तर हे शब्द वापरतात. म्हणजे जिल्ह्याला इशारा असला तरी बहुतेक गावं कोरडीच राहू शकतात. वाऱ्याचं मात्र तसं नाही. ढग दूर कुठेतरी बरसतो आणि त्याचा वारा कित्येक किलोमीटर पुढच्या शिवारापर्यंत येतो.

पावसाआधी एवढा वारा का सुटतो?

उन्हाळ्यात मराठवाड्याची काळी जमीन प्रचंड तापते. तापलेली हवा वर जाते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आलं तर दुपारनंतर उंच ढग तयार होतात. या ढगांतून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेतून येताना वाटेतच आटू लागतात. थेंबांची वाफ होताना भोवतालची हवा थंड होते. थंड हवा जड असल्याने ती वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चारही बाजूंना पसरते. वळवाच्या आधी अंगावर येणारा धुळीचा लोट तो हाच.

या वाऱ्याची दिशा दिवसभर वाहणाऱ्या वाऱ्याशी जुळेलच असं नाही. दुपारी पूर्वेकडे सरकणारी आग संध्याकाळी काही मिनिटांत दक्षिणेकडे वळू शकते. शेतातली आग विझवताना माणसं अडकतात, ती बऱ्याचदा अशा वेळी.

वेगाचं गणितही समजून घ्यायला हवं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. त्यामुळे ताशी २० किमीच्या वाऱ्यात जागेवर राहणारं जळतं पाचट ताशी ४० किमीच्या वाऱ्यात उडून शेजारच्या शेतात पडतं.

आग नेमकी कुठे लागते?

परभणी जिल्ह्यात जंगल फार कमी आहे. त्यामुळे वणवा म्हटलं की इथल्या लोकांना तो गडचिरोली-मेळघाटचा विषय वाटतो. इथे जळतं ते शिवार. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी आणि गहू निघतात. कडब्याच्या गंजी लागतात, बांधावरचं गवत वाळतं, कपाशीची पऱ्हाटी उपटून ढीग घातलेले असतात, कुठे उभा ऊस तर कुठे पाचट असतं. एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा २०-२५ टक्क्यांवर येते. एवढ्या कोरड्या हवेत गवताची काडी क्षणात पेटते.

ठिणगी बहुतेक वेळा माणसाच्या कामातून येते:

• पेरणीपूर्व साफसफाईसाठी पेटवलेला बांध किंवा धसकटं
• वाऱ्याने एकमेकींना घासणाऱ्या, लोंबकळणाऱ्या वीजतारा
• मळणी यंत्र किंवा ट्रॅक्टरमधून उडणाऱ्या ठिणग्या
• विझवल्याशिवाय फेकलेली बिडी

वीज पडूनही आग लागते, आणि सोबत पाऊस नसेल तर ती वाढत जाते.

मानवत ही कापसाची जुनी बाजारपेठ आहे. जिनिंगमध्ये कापसासोबत खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात गेला तरी ठिणगी पडते. कापसाचा ढीग आतल्या आत धुमसतो आणि वरून विझल्यासारखा दिसतो. अशा ढिगाला वारा लागला की तो पुन्हा पेट घेतो.

आगीचा वेगळा इशारा मिळतो का?

अमेरिकेत कोरडी हवा आणि जोराचा वारा एकत्र येणार असेल, तर तिथली हवामान संस्था 'रेड फ्लॅग वॉर्निंग' हा खास आगीचा इशारा देते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वणवे पेटले, तेव्हाही तो दिलेला होता. भारतात डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या मदतीने आगीचे संदेश पाठवते, पण तिचा भर जंगलांवर आहे. शेतशिवारात हवामानाच्या अंदाजावरून आगीचा धोका स्वतःच ओळखावा लागतो.

त्यासाठी तीन गोष्टी पाहा. कमाल तापमान ४० अंशांच्या पुढे आहे का, गेल्या काही दिवसांत पाऊस झालेला नाही का, आणि वाऱ्याचा वेग ताशी ३० किमीच्या वर सांगितला आहे का. तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर त्या दिवशी शिवारात काडी ओढू नये.

हवामान विभागाच्या 'मौसम' ॲपवर अंदाज आणि पुढच्या काही तासांचा तात्काळ इशारा मिळतो. 'मेघदूत' ॲपवर शेतीसल्ला आणि 'दामिनी'वर विजेची माहिती मिळते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडूनही आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हवामानावर आधारित कृषी सल्ला येतो. जुना मेसेज पुढे पाठवण्याआधी त्यावरची तारीख नक्की बघा.

काय करता येईल?

• कडब्याची गंजी आखाड्यापासून, गोठ्यापासून आणि वीजतारांपासून लांब लावा. तिच्याभोवती नांगरून मोकळा पट्टा ठेवा.
• पऱ्हाटी आणि पाचट जाळण्याऐवजी कुट्टी करून जमिनीत मिसळा. बांध पेटवायचाच असेल, तर वारा पडलेला दिवस निवडा, शेजाऱ्याला आधी सांगा आणि राख पूर्ण थंड होईपर्यंत जागा सोडू नका.
• लोंबकळणाऱ्या तारांची तक्रार महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.
• निष्काळजीपणे आग लावून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आग लागलीच तर सर्वात आधी जनावरांची दावी सोडा किंवा कापा. बांधलेल्या जनावराला पळता येत नाही. गंजी वाचवण्यासाठी धुरात शिरू नका. आगीच्या पुढे वाऱ्याच्या दिशेने धावण्याऐवजी बाजूला व्हा आणि नांगरलेलं किंवा ओलितातलं रान गाठा. तारेमुळे आग लागल्याचा संशय असेल, तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नका.

अग्निशमन दलासाठी १०१, आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आहेत. फोनवर गावासोबत शिवाराचं नाव आणि गाडी येऊ शकेल असा रस्ताही सांगा. पाणंद रस्त्यावर बंब अडकला, तर तेवढ्या वेळात आग पुढच्या शेतात पोहोचलेली असते.