आजीची पाटली आणि थोरातांचा कागद

परवा यावलला गेलो होतो. माळ्यावरची जुनी ट्रंक आवरताना काकूंना एक पिवळी पडलेली पावती सापडली. राष्ट्रीय संरक्षण निधी, १९६२. सोन्याची एक पाटली. आमच्या आजीची!

घरातल्या सगळ्यांना ही गोष्ट पाठ आहे. चीनचं युद्ध चालू होतं, गावात सभा झाली, बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं. आजीने जोडीतली एक पाटली दिली. दुसरी शेवटपर्यंत तिच्या हातात एकटीच होती. "दिलं ते दिलं, त्याचा काय हिशोब?" असं ती म्हणायची. मी मात्र हिशोब करत बसलो.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे नाव आपल्याकडे फार घेतलं जात नाही. कोल्हापूरकडचा हा मराठी माणूस. दुसऱ्या महायुद्धात आराकानच्या लढाईत डीएसओ मिळवलेला, पुढे कोरियात भारतीय पथकाचं नेतृत्व केलेला. १९५७ ते १९६१ या काळात ते पूर्व विभागाचे प्रमुख होते, म्हणजे ईशान्येची चीनलगतची सीमा त्यांच्याकडे. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला चकमक झाली आणि ऑक्टोबरात थोरातांनी दिल्लीला एक योजना पाठवली. मॅकमहोन रेषेवर सैन्य नेऊन बसवू नका, तिथे रस्ते नाहीत, रसद पोचणार नाही. पुढे फक्त टेहळणीच्या चौक्या ठेवा. खरी फळी मागे, बोमदिलासारख्या ठिकाणी, आपल्या गाड्या पोचतील तिथे उभारा. शत्रूला डोंगर उतरून येऊ द्या, त्याची रसद ताणली जाऊ द्या, मग लढा. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन त्यांनी हेच अधिकाऱ्यांपुढे मांडलं.

सेनाप्रमुख थिमय्यांना योजना पटली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना नाही. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की मेनन यांना हा घबराट पसरवण्याचा प्रकार वाटला, आणि चीनला आपण मुत्सद्देगिरीने थोपवू अशी त्यांना खात्री होती. मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत ही त्यांची शिफारस बाजूला पडली. नोव्हेंबरात धोरण ठरलं ते बरोबर उलटं: जमेल तितकं पुढे जाऊन चौक्या मांडा.

पुढचं माहीतच आहे. थागला डोंगरावरून चिन्यांना हाकलणं जमणार नाही असं सांगणाऱ्या उमरावसिंग यांच्याकडून ती आघाडी काढून घेतली आणि बी. एम. कौल यांना दिली. २० ऑक्टोबर १९६२ च्या सकाळी नामका चूच्या काठी आपली ब्रिगेड काही तासांत मोडली. त्या थंडीत अनेक जवानांच्या अंगावर सुती कपडे होते. महिन्याभरात बोमदिलाही गेलं. तिथली फौज तोवर पुढे-मागे विखुरली होती.

युद्ध पेटल्यावर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. तो कागद आपल्याला आधी का दाखवला नाही, असं पंतप्रधानांनी विचारल्याचं थोरात लिहितात. तीन वर्षं तो कागद दिल्लीतच होता!

आता इथे सगळं खापर नेहरू-मेननांवर फोडून मोकळं होता येतं. आमच्या ओट्यावर वर्षानुवर्षं तेच चालतं. पण बघा ना, थोरातांची योजना मान्य करायची तर काही मुलूख काही काळ सोडायची तयारी हवी होती. तेव्हा संसदेत आणि वर्तमानपत्रांत इंचभरही जमीन सोडू नका असा घोष चालू होता. यावलच्या सभेत तरी वेगळं काय बोलले असतील? शिवाय वरच्यांना आवडेल तेच सांगणारे गणवेशातही होतेच. अंतिम निर्णय निवडून आलेल्यांनीच घ्यायचा, याबद्दल माझं दुमत नाही. पण निर्णय घेणाऱ्याच्या टेबलापर्यंत वाईट बातमी पोचलीच पाहिजे, आणि ती आणणाऱ्याला भित्रा ठरवता कामा नये. १९७१ मध्ये एप्रिलातच युद्ध नको, असं माणेकशांनी इंदिरा गांधींना सांगितल्याची हकीकत ते स्वतः सांगत. युद्ध डिसेंबरात झालं, तेरा दिवसांत संपलं.

२१ नोव्हेंबर १९६२ ला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, त्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण अभिमानाने म्हणतो. पण सह्याद्रीकडचाच एक माणूस तीन वर्षं आधी हाका मारत होता, ते आपण विसरतो. १९६४ मध्ये आमच्या जवळच, वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. आजीला वाटायचं, आपली पाटली त्यातच कुठेतरी गेली असेल. तिला खरं-खोटं करायला कोणी गेलं नाही.

त्या युद्धात आपले तेराशेहून जास्त जवान गेले. त्यांच्या घरी पावतीसुद्धा नसेल.

असो. पावती परत ट्रंकेत ठेवली आहे. दुसरी पाटली धाकट्या आत्याकडे आहे. पुढच्या खेपेला दोन्ही एकत्र ठेवून फोटो काढायचा विचार आहे. आत्या, वाचते आहेस ना?