बारा ग्रंथींचा हिशेब

बार्शीची लहान आगगाडी १९११ सालीं लातुरास पोंचली, आणि ढोकी हें त्या वाटेवरील एक स्थानक झालें. तथापि ढोकीच्या कर्करोग्यानें जावें असें या रोगासाठींच बांधलेलें रुग्णालय तेव्हां मुंबईंतही नव्हतें. परळचें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें तें १९४१ मध्यें.

पायाला जखम झाली म्हणजे जांघेंत अवधाण येतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. तशाच लसग्रंथी मोठ्या आंतड्यालगतच्या चरबींत दडलेल्या असतात. कित्येक तर ज्वारीच्या दाण्याएवढ्याच. आंतड्याचा कर्करोग पुष्कळदां याच वाटेनें पसरतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनीं १९३२ सालीं गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन वर्ग पाडले: रोग आंतड्याच्या भिंतींतच असेल तर ‘अ’, भिंत ओलांडली पण ग्रंथी निर्मळ, तर ‘ब’, ग्रंथींत शिरला तर ‘क’. पुढें फ्रान्सचे प्येर दनुआ यांनीं गांठ, ग्रंथी व दूरचा प्रसार यांची निरनिराळी नोंद करण्याची पद्धति घातली. आजची वर्गवारी तिच्यावरच उभी आहे. एक ते तीन ग्रंथी बाधित असल्यास एक पायरी, चार वा अधिक असल्यास पुढची.

खरी खोंच पुढेंच आहे. कापून काढलेल्या आंतड्याची चरबी बोटांनीं चांचपून, सुरीनें पातळ चिरून एकेक ग्रंथि हुडकावी लागते. मोठें कंटाळवाणें काम! तीनच ग्रंथी सांपडल्या आणि तिन्ही निर्मळ निघाल्या, तर रोग्याचें अभिनंदन करणें घाईचें होईल. म्हणून १९९० सालीं सिडनी येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं निदान बारा ग्रंथी तपासाव्या अशी शिफारस केली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील प्रयोगानें दाखविलें कीं, ग्रंथी बाधित असलेल्या रोग्यांस शस्त्रक्रियेनंतर फ्ल्यूओरोयुरॅसिल व लेव्हामिसोल दिल्यास मृत्यूचें प्रमाण सुमारें एकतृतीयांशानें घटतें. लेव्हामिसोल पुढें मागें पडलें, औषधोपचाराचें तत्त्व टिकलें. तेव्हांपासून चरबींत राहून गेलेली एक ग्रंथि म्हणजे रोग्याला न मिळालेलें औषध, असा प्रसंग येऊं शकतो.

माणसांच्या मोजणींतही हीच अडचण. बार्शीस १९८७ मध्यें भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांत कार्यकर्ते गांवोगांव फिरून रोगी हुडकूं लागले. रुग्णालयांत आलेल्यांचींच नांवें लिहून ते थांबले नाहींत. मुंबईच्या मानानें मोठ्या आंतड्याचा कर्करोग तेथें पुष्कळ कमी आढळला. ही तूट विश्वासार्ह वाटते ती त्या पायपिटीमुळेंच. ढोकी त्या पहिल्या हद्दीबाहेर होती. पुढें उस्मानाबाद व बीड हे जिल्हे नोंदणींत आले.

अशा रोग्याच्या तपासणीच्या कागदावर दोन आंकडे असावे लागतात: बाधित ग्रंथी किती, आणि तपासलेल्या किती. घरचीं माणसें पहिला आंकडा विचारतात. दुसरा बहुधा कोणी विचारीत नाहीं.