मास्कच्या आड अडकलेलं नर्सिंग

आजची गोष्ट आहे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाची.

फ्रान्सिस डेव्हिस यांना ऐकायला खूप कमी यायचं. तरी १९६७ मध्ये त्यांना प्रॅक्टिकल नर्सचा परवाना मिळाला होता. पुढे त्यांना रजिस्टर्ड नर्स व्हायचं होतं, म्हणून त्यांनी साउथईस्टर्न कम्युनिटी कॉलेजात अर्ज केला. तपासणीत दिसलं, की श्रवणयंत्र लावलं तरी समोरच्याचं बोलणं समजायला त्यांना ओठ वाचावे लागतात. आणि ऑपरेशन थिएटरमध्ये तर सगळ्यांच्या तोंडावर मास्क! कॉलेजने प्रवेश नाकारला.

डेव्हिस कोर्टात गेल्या. त्यांच्या बाजूने होता १९७३ चा पुनर्वसन कायदा, कलम ५०४. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने पात्र व्यक्तीला केवळ अपंगत्वामुळे डावलू नये, असं ते कलम सांगतं. खालच्या कोर्टात हरल्या, अपिलात जिंकल्या. पण ११ जून १९७९ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने कॉलेजच्या बाजूने निकाल दिला. अभ्यासक्रमाचा गाभाच बदलावा, अशी सक्ती कायदा करत नाही, असं कोर्ट म्हणालं.

आता खरं सांगते, रुग्णाच्या सुरक्षेची काळजी ही काही खोटी सबब नव्हती. पण मला एक गोष्ट खटकते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या सर्व्हरचा अलार्म फक्त वाजायचा. एका रात्री माझा फोन सायलेंटवर राहिला आणि अलार्म चुकला. मला कुणी ‘अपात्र’ म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी अलार्मला व्हायब्रेशन जोडलं, बस्स. कारण गरज होती ‘सूचना पोहोचली पाहिजे’ ही. आवाज हा फक्त एक मार्ग होता.

नर्सिंगचंही तसंच बघा ना. सूचना कळणं ही गरज. कान हा एक मार्ग. आज पारदर्शक मास्क आहेत, आवाज वाढवणारे स्टेथोस्कोप आहेत. तंत्रज्ञानामुळे पुढे संधी वाढतील, हे १९७९ च्या त्या निकालातही म्हटलं होतं.

आपल्याकडे मुंबई हायकोर्टातून वर गेलेलं ओमकार गोंड यांचं प्रकरण एमबीबीएस प्रवेशाचं होतं. त्यात १५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की अपंगत्वाच्या नुसत्या टक्केवारीवर प्रवेश नाकारू नका. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकतो का, ते तपासा.

नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाच्या टेबलावरही हाच प्रश्न आधी विचारला जायला हवा. ‘तुला काय जमत नाही?’ हा नव्हे, तर ‘हे काम तू कसं करशील, आणि त्यासाठी आम्ही काय द्यायचं?’ हा.