कोयनेच्या मानेवरचा तडा

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, सव्वाचारच्या सुमारास कोयनानगर हादरलं. सुमारे 180 माणसं दगावली, घरं जमीनदोस्त झाली. त्या भूकंपाचा विषय निघाला की महाराष्ट्रात चर्चा बहुधा एकाच वळणावर जाते: कोयना धरणामागच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्यानेच हा भूकंप घडवला का? प्रश्न रास्त आहे. पाणी अडवायला सुरुवात झाल्यापासून त्या परिसरात धक्के जाणवत होते आणि पुढे कोयना हे जलाशयप्रेरित भूकंपाचं जगभर अभ्यासलं गेलेलं ठिकाण ठरलं. पण या वादाच्या गलबल्यात त्या पहाटेची दुसरी गोष्ट आपल्याकडे मागे पडली. धरणाला तडे गेले होते, आणि ते मनाला येईल तिथे गेले नव्हते. काँक्रीट कसं तुटतं याविषयीची अभियंत्यांची समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलली, त्या बदलाचा एक महत्त्वाचा पुरावा सातारा जिल्ह्यातल्या या भिंतीत आहे. धक्का जोराचा होता म्हणून धरण तडकलं, एवढंच म्हणणं अपुरं आहे. तडा कुठे जायचा हे धरणाच्या आकाराने आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि तो जाऊनही धरण का उभं राहिलं हे नुसत्या ताकदीच्या हिशेबाने कळत नाही.

आधी आकाराकडे पाहू. कोयना हे वजनाच्या जोरावर पाणी अडवणारं धरण. सर्वांत खोल पायापासून त्याची उंची 103 मीटर, आणि बांधकाम रबल काँक्रीटचं, म्हणजे मोठे दगड काँक्रीटमध्ये बसवत वर चढवलेलं. अशा धरणाचा छेद साधारण त्रिकोणी असतो: पाण्याकडची बाजू जवळपास उभी, पाठीमागची बाजू उतरती. कोयनेत तसं झालं नाही. धरण दोन टप्प्यांत बांधायचं असा मूळ बेत होता. काम सुरू झाल्यावर एकदमच पूर्ण उंची गाठायचं ठरलं आणि छेद मधेच बदलावा लागला. त्यामुळे तळापासून सुमारे 66.5 मीटरवर पाठीमागचा उतार अचानक मोडतो. खालचा भाग रुंद, वरचा एकदम अरुंद, आणि त्या अरुंद भागाच्या माथ्यावर पुन्हा रस्त्याचं वजन. अभियंते या जागेला मान म्हणतात. भूकंपानंतर सर्वांत उंच ब्लॉकच्या दोन्ही अंगांवर जे आडवे तडे दिसले, ते या मानेच्याच आसपास होते. काही ठिकाणी पाठीमागच्या बाजूला पाणी पाझरू लागलं, म्हणजे चीर आरपार गेली होती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी वजनाच्या पाच टक्के इतका आडवा जोर धरला होता. प्रत्यक्षात धरणातल्या उपकरणाने नदीच्या दिशेने 0.49 g, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याएवढी त्वरणं नोंदवली; धरणाच्या अक्षाच्या दिशेने तर 0.63 g. जवळपास दसपट जोर आल्यावर कुठलंही बांधकाम तडकणार, त्यात आकाराचा काय दोष? (या दोन आकड्यांची थेट तुलना तशी फसवी आहे. पहिला कागदावरचा स्थिर जोर आहे, दुसरा निमिषमात्र टिकणारं टोक. तरी अंतर मोठं होतं हे खरंच.) दख्खनचं पठार त्या काळी भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त समजलं जात होतं. 1967 नंतर देशाचा भूकंप-नकाशा बदलावा लागला आणि कोयनेचा परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. तेव्हा आराखडा करणाऱ्यांना आज शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही.

पण आक्षेपाला उत्तर धरणातच आहे. सांडव्याचे ब्लॉक त्याच नदीपात्रात, त्याच खडकावर उभे आहेत. पहाटेचा धक्काही तोच. त्यांच्यावर मानेसारखे तडे पडले नाहीत, कारण त्यांना मान नाही. त्यांचा माथा खाली आहे आणि उतार असा मधेच मोडत नाही. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडला असता तर याहून चांगला तुलनेचा प्रयोग झाला नसता. शिवाय हे एकट्या कोयनेपुरतं नाही. मार्च 1962 मध्ये चीनमधल्या शिनफेंगज्यांग धरणाला, तेही जलाशयाजवळच्याच भूकंपात, माथ्यापासून थोडं खाली तडा गेला. 1990 च्या मंजिल भूकंपात इराणच्या सफीदरूद धरणाचंही तसंच झालं. ही दोन्ही आधारभिंतींची, म्हणजे बट्रेस पद्धतीची धरणं, कोयनेहून वेगळी. तरी तडा वरच्या भागात, माथ्याच्या खालच्या पट्ट्यातच पडला. आराखडे तीन, देश तीन, आणि तडा एकाच उंचीच्या आसपास, हा योगायोग म्हणता येत नाही.

कारण धरण हलतं तेव्हा ते एकसंध ठोकळ्यासारखं हलत नाही. कोयनेसारखं धरण आपल्या लयीत सेकंदाला साधारण तीन वेळा डोलतं, आणि त्या डोलण्यात माथ्याची हालचाल तळापेक्षा कितीतरी जास्त असते. जुनी पद्धत मात्र सगळ्या उंचीवर सारखाच जोर लावायची. त्या हिशेबात सगळ्यात मोठा ताण तळाशी येतो, म्हणून भक्कम काँक्रीट खाली आणि हलकं वर, असा प्रघात पडला होता. कॅलिफोर्नियात बर्कलीला अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी कोयनेची खरी नोंद वापरून धरणाचं गतिशील गणित केलं आणि 1973 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं ते उलटं होतं: सर्वांत धोक्याचे ताण वर, मानेपाशी. काँक्रीट दाब सहन करण्यात पटाईत, पण ओढलं गेलं तर त्याची ताकद दाबाच्या सुमारे एक दशांशच उरते. गणितातले ताण ती मर्यादा ओलांडून गेले होते. चोप्रांनी हेही सांगितलं की नेहमीच्या त्रिकोणी छेदावरही अशा धक्क्यात मोठे ताण आले असते. मानेने संकट निर्माण केलं असं नाही. तिने ते एका रेषेत गोळा केलं.

इथे दुसरा आणि जास्त वजनदार आक्षेप येतो. ताण काँक्रीटच्या ताकदीपेक्षा जास्त झाला म्हणून ते तुटलं, तर हा साधा ताकदीचाच हिशेब झाला. त्यासाठी फ्रॅक्चर मेकॅनिक्स नावाचं तड्यांचं वेगळं शास्त्र कशाला? उत्तर मानेच्या कोपऱ्यातच आहे. आत वळलेल्या कोपऱ्यापाशी लवचीक गणित ताणाला मर्यादाच देत नाही. संगणकावर धरणाची जाळी जितकी बारीक करावी तितका कोपऱ्यातला ताण वाढत जातो. म्हणजे धरण तुटेल की नाही हे धरणाने ठरवण्याऐवजी जाळी काढणारा ठरवतो. आणि एकदा चीर सुरू झाली की तिचं टोक हाही असाच कोपरा, किंबहुना जास्त तीक्ष्ण. ताकदीच्या नियमाने सुरू झालेला तडा मग थांबायलाच नको. कोयनेत तर काही ब्लॉक आरपार चिरले आणि तरीही वरचा भाग जागेवरच राहिला.

या कोंडीवरचा मार्ग जुना होता, फक्त काँक्रीटसाठी वापरात नव्हता. काचेची ताकद तिच्या रासायनिक बंधांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा इतकी कमी का, याचा शोध घेताना 1920 मध्ये ए. ए. ग्रिफिथने सांगितलं की चीर पुढे सरकायला ऊर्जा लागते. सरकताना बांधकामातून जेवढी ऊर्जा मोकळी होते ती या खर्चाला पुरली तरच ती सरकते. कापड फाडण्याआधी दुकानदार कडेला कातरीने खाच देतो, ती याच हिशेबाने. 1961 मध्ये एम. एफ. कॅप्लनने हा विचार काँक्रीटवर लावून पाहिला, पण काच आणि काँक्रीट एका जातीचे नाहीत. काँक्रीटमध्ये चिरेचं टोक सुईसारखं नसतं. त्याच्यापुढे बारीक भेगांचा एक पट्टा असतो आणि खडीचे दाणे दोन्ही काठ काही काळ धरून ठेवतात. 1976 मध्ये स्वीडनच्या आर्ने हिलरबोर्गने सहकाऱ्यांसह हे धरून ठेवणंच गणितात आणलं: चीर उघडत जाईल तसा काठांमधला ताण हळूहळू कमी होतो, आणि या उतरत्या ओळीखालचं क्षेत्रफळ म्हणजे ती जागा तोडायला लागणारी ऊर्जा. साध्या काँक्रीटसाठी ती दर चौरस मीटरला शंभर ज्यूलच्या आसपास, आणि मोठ्या दगडाच्या धरणी काँक्रीटसाठी त्याहून बरीच जास्त. जाळी कितीही बारीक केली तरी हा आकडा बदलत नाही.

झ्डेनेक बझान्टने 1984 मध्ये यात आकारमानाची भर घातली. प्रयोगशाळेतली हातभर तुळई तुटताना तिचा मोठा भाग भेगांच्या पट्ट्यात येतो, म्हणून ती हळूहळू मोडते. शंभर मीटरच्या धरणापुढे तो पट्टा नगण्य ठरतो, म्हणून त्याच मिश्रणाचं धरण काचेकडे जास्त झुकतं. लहान ठोकळे दाबून काढलेली ताकद धरणाला जशीच्या तशी लावता येत नाही, हे त्यामुळे उघड झालं. मला यात कोयनेच्या मोठ्या, ओबडधोबड दगडांचं महत्त्व वाटतं. तुटण्याचा खर्च वाढवणारी गोष्ट, काठांची पकड, तिथे स्वस्तात मिळाली होती. आरपार चिरलेला माथा आपल्या वजनाने पुन्हा त्याच चिरेवर बसला आणि खडबडीत काठ एकमेकांत अडकून राहिले. जोराचा धक्का काही सेकंदच टिकला, ही नशिबाची बाजूही विसरता येत नाही.

धरण वाचलं म्हणजे जुनी पद्धत पुरेशी होती, असंही काही जण म्हणतात. दुरुस्तीचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. तड्यांत इपॉक्सी भरली, माथा ताणलेल्या तारांनी खाली बांधला, आणि त्यावर न थांबता उंच ब्लॉकना पाठीमागून काँक्रीटच्या आधारभिंती दिल्या. हे काम 1973 पर्यंत चाललं. पुढे 2006 मध्ये सांडव्याचा भागही भक्कम केला गेला. मानेचा कोपरा बुजवणं हाच या सगळ्याचा गाभा होता. नुसती ताकद कमी पडली असती तर काँक्रीटची प्रत सुधारण्याचा विचार झाला असता, पण झाला तो छेद बदलण्याचा.

तरीही तड्यांच्या शास्त्राने कोयनेचं कोडं पूर्ण सोडवलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. 1980 च्या सुमाराला बर्कलीतच धरणाच्या लहान प्रतिकृतीला हलत्या पाटावर बसवून तोडून पाहिलं गेलं. नंतरच्या दशकांत तड्यांची जवळपास प्रत्येक नवी गणिती पद्धत कोयनेवर तपासली गेली, आणि आज काँक्रीटची मोडतोड शिकवणाऱ्या एका सुप्रसिद्ध संगणकप्रणालीच्या उदाहरणांतही हेच धरण आहे. धरणाचा पाटण तालुका कधी न पाहिलेले विद्यार्थी ते पुन्हा पुन्हा तडकवतात. बहुतेक गणितांत चीर मानेच्या कोपऱ्यातून निघते, पण आत शिरताना खाली वाकते, आणि पुष्कळदा पायथ्याशीही एक तडा दिसतो. भिंतीवर दिसलेले तडे मात्र जवळपास आडवे होते. याचं एक कारण बांधकामातल्या थरांचे सांधे असू शकतात, कारण दिवसाअखेर थांबलेलं आणि दुसऱ्या दिवशी सुरू झालेलं काँक्रीट गणितात मानतात तसं एकजीव नसतं. सफीदरूदला तडा अशाच सांध्यांतून गेला होता. कोयनेचं गणित करणाऱ्यांनी धरण एकसंध न मानता थराथरांचं मानायला हवं, असं माझं मत आहे. निदान वाकलेल्या रेषेचा आणि आडव्या तड्याचा मेळ कुठे बसतो हे त्यातून तपासता येईल.