मणिबेलीने नेमके काय अडवले?

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांत पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा आणि अक्कलकुव्यातले पहिले मतदान केंद्र मणिबेलीचे. नर्मदाकाठच्या या आदिवासी गावात मतदान पथकाला बार्जमधून जावे लागते, कारण गावाची जुनी वस्ती, काठची शेते आणि शूलपाणेश्वराचे प्राचीन देऊळ सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले आहे. या धरणात महाराष्ट्रातले सर्वांत आधी बुडालेले गावही हेच. तिथून जवळच केवडियाला, म्हणजे आताच्या एकतानगराला, सप्टेंबर २०२२ मध्ये देशभरच्या पर्यावरणमंत्र्यांची परिषद भरली. ‘अर्बन नक्षल’ आणि विकासविरोधी मंडळींनी हे धरण वर्षानुवर्षे रोखून धरले, असे पंतप्रधानांनी त्या परिषदेत सांगितले. हे म्हणणे आता इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. तपासले तर वेगळाच हिशेब समोर येतो. मणिबेलीच्या लोकांनी जे अडवू पाहिले, ते सरकारांनी स्वतः मान्य केलेल्या अटी मोडणे होते.

या अटी कोणा आंदोलकाने लिहिलेल्या नव्हत्या. नर्मदा पाणीतंटा लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. त्यात धरणाची उंची १३८.६८ मीटर ठरली आणि महाराष्ट्राच्या वाट्याला २७ टक्के वीज आली. त्याच निवाड्यात विस्थापितांचा हक्कही नोंदला गेला. चतुर्थांशाहून अधिक जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताखाली येणारी जमीन द्यायची, सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानायचा, बुडिताच्या वर्षभर आधी जमीन उपलब्ध करायची आणि हे सारे झाल्याशिवाय मध्य प्रदेश वा महाराष्ट्रातला कोणताही भाग बुडवायचा नाही. वीज आणि उंची जितकी बंधनकारक, तितक्याच या अटीही बंधनकारक होत्या. अडचण सातबाऱ्याशी आली. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी सरकारी दप्तरी वनखात्याच्या होत्या, म्हणून कसणारा ‘अतिक्रमणदार’ ठरला. दोन हेक्टरांचा हक्कदार कोण, हा वाद इथून सुरू झाला. महाराष्ट्राच्या धोरणात भूमिहीन ठरलेल्याला एकरभर जमीन होती. शेतावर राबणाऱ्याला कागदावर भूमिहीन करून टाकले की पुनर्वसन स्वस्त होते, इतका हा सरळ व्यवहार होता.

१९९१ च्या पावसाळ्यापासून मणिबेलीत सत्याग्रह सुरू झाला तो या पार्श्वभूमीवर. जागतिक बँकेने १९८५ मध्ये प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. विरोध वाढल्यावर तिला ब्रॅडफर्ड मॉर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून १९९२ च्या अहवालात या समितीने, आहे त्या परिस्थितीत सर्वांचे पुनर्वसन शक्य नाही असा निष्कर्ष काढला आणि बँकेने मागे सरून विचार करावा असे सुचवले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज घेणे थांबवले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले. बँकेने १९९३ मध्येच तक्रारींच्या चौकशीसाठी कायमचे निरीक्षण मंडळ स्थापन केले. पुढच्या वर्षी मोठ्या धरणांचे कर्ज थांबवण्याची मागणी करणारा जगभरातील संघटनांचा जाहीरनामा याच गावाच्या नावाने निघाला. वॉशिंग्टनमधले नियम बदलले, पण बुडीत थांबले नाही. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहातही धरण झालेच होते आणि कोयनेच्या विस्थापितांचे प्रश्न अनेक दशके रेंगाळले. फरक इतकाच की मणिबेलीच्या काळात निवाडा लेखी होता आणि तो वाचून दाखवणारे लोक संघटित होते.

यावर पहिला आक्षेप कच्छ-सौराष्ट्राचा असतो, आणि तो वजनदार आहे. तिथल्या गावांना नर्मदेचे पिण्याचे पाणी मिळाले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र सर्वोच्च न्यायालयाची १९९५ ची स्थगिती धरणाच्या उंचीला होती, कालव्यांना नव्हती. तरीही २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले तेव्हा शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या लहान वितरिकांचे जाळे अपुरेच होते. तो उशीर मणिबेलीच्या खात्यावर मांडता येत नाही. दुसरा आक्षेप, आदिवासींना बाहेरच्यांनी चिथावले. या लढ्याच्या नेत्या मेधा पाटकर बाहेरून आल्या हे खरेच. पण लवादाचे न्यायमूर्ती, बँकेचे अधिकारी आणि धरणाचे अभियंतेही सातपुड्यातले नव्हते. तिसरा आक्षेप, विस्थापनाने दारिद्र्यातून सुटका झाली असती. जमीन वेळेवर आणि पुरेशी मिळाली असती तर काहींची झालीही असती, आणि लवादाच्या अटी नेमक्या त्याचसाठी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०००मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी बांधकामाला मोकळीक दिली, तेव्हाही प्रत्येक टप्प्याला पुनर्वसनाची अट घातली. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच न्यायालयाला जमीन न मिळालेल्या शेकडो कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश द्यावा लागला. पुनर्वसन आधीच झाले होते, तर ही कुटुंबे आली कुठून?

हा जुना हिशेब आज उकरायचे कारण म्हणजे शिक्का मारण्याची सवय आता राज्यभर पसरली आहे. बारसूची रिफायनरी असो वा वाढवणचे बंदर, प्रश्न विचारणारा आधी विकासविरोधी ठरतो. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेले विशेष जनसुरक्षा विधेयक कडव्या डाव्या संघटनांपुरते असल्याचे सरकार सांगते. पण जमीन मागणाऱ्यालाच नक्षल म्हणण्याची भाषा रुळलेली असताना असा कायदा कुठवर पोहोचेल, ही शंका रास्त आहे. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा १९७६ पासून आहे. कमी आहे ती तो पाळण्याची सक्ती, आणि ही सक्ती आजवर मोर्चे, सत्याग्रह आणि याचिकांनीच केली आहे. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या गावाला विकासविरोधी म्हटले गेले, तर वाचकांनी दोनच कागद मागावेत: विस्थापितांची अंतिम यादी आणि त्यांच्या नावावर चढलेल्या जमिनीचे सातबारे.